गुरुवारची मोटार

१

विश्रामला विहिरीतून वर घेतला तेव्हा त्याच्या मुठीत केबलची उघडी तार होती. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

हे मी पाहिलेलं नाही. अलाउद्दीनने शुक्रवारी सकाळी माझ्या दारात उभं राहून सांगितलं. पौडला त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. कोळवण खोऱ्यात जळालेली प्रत्येक मोटार कधी ना कधी त्याच्या हाताखालून जाते. एरवी तो आला की आधी चहा मागतो. त्या दिवशी उंबराही ओलांडला नाही.

"मास्तर, भिकूला नेलाय पोलिसांनी."

"भिकूला? का?"

"भाचा खाली पान्यात, आन ह्यानं वरून बटन दाबलं म्हनत्यात."

डोंगरकुशी नावाची फार्महाऊसची स्कीम आमच्या गावाशेजारी झाली आहे. तिच्या विहिरीवर भिकू ऑपरेटर. विश्राम हा त्याच्या विधवा बहिणीचा, रत्नाबाईचा, एकुलता एक मुलगा. भिकूनेच त्याला तिथे मदतनीस म्हणून लावला होता.

आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइन बंद असते. सकाळी वीज जाते ती संध्याकाळकडे येते. त्यामुळे मोटारीची सगळी कामं लोक गुरुवारीच काढतात, आणि फ्यूज कोणी काढत नाही. वीज गेली की मोटारीचा स्टार्टर आपोआप बंद पडतो. वीज परत आली तरी कोणी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार उठत नाही. ह्या भरवशावर खोऱ्यातले लोक वर्षानुवर्षं पाण्यात उतरत आले. ह्या गुरुवारी वीज दुपारीच आली. विश्राम गुडघाभर पाण्यात पायरीवर उभा राहून केबलच्या जॉइंटची जुनी टेप सोडवत होता. मोटार चालू झाली आणि उघड्या तारेत वीज उतरली.

"रत्नाबाई काय म्हणते?" मी विचारलं.

"काय म्हननार? सख्ख्या भावाला पोलिसांसमोर बोलली, माझं पोर तू खाल्लंस, आता माझ्या दारात पाय टाकू नगंस. भिकूनं मान खाली घातली न्हाई का वर केली न्हाई. दगुड झालाय दगुड." अलाउद्दीनने माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्या विहिरीवर चिपवाला डबा हाय. तुमी तेच शिकवायचा ना कॉलेजात?"

"शिकवायचो. पण आता सगळं बदललं असेल. मला किती कळेल—"

"मग बसा पुस्तकं वाचत! मानूस मेलाय, दुसरा आत चाललाय, आन ह्यांना किती कळंल ते कळंना."

मी चपला घातल्या.

२

ठाण्यात फौजदार शुभांगी बलकवडे यांच्या टेबलासमोर एक तरुण बसला होता. मला पाहून तो उठला आणि वाकून पायाला हात लावला. किशोर. माझाच विद्यार्थी. सूसला एका सोसायटीच्या गाळ्यात तो पंपांचे कंट्रोलर बनवतो. विहिरीवरचा डबा त्याचाच.

"बरं झालं सर आले," तो बलकवडे बाईंना म्हणाला. "ह्यांनीच शिकवलंय मला. विचारा ह्यांना. चिपमधली रॅम म्हणजे पाटी. वीज गेली की कोरी. मोटार आधी चालू होती की बंद, हे मशीनला आठवणं शक्य नाही. वीज आल्यावर ती बंदच राहते. कोणीतरी हिरवं बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही."

"सर, हे बरोबर आहे?" बाईंनी विचारलं.

"रॅमपुरतं बरोबर आहे," मी म्हणालो. "पण चिपमध्ये—"

"बरोबर आहे ना? मग झालं." त्यांनी लिहून घेतलं.

पुढचं वाक्य तसंच राहिलं. जन्मभर असंच झालं आहे. पण ह्या वेळी रागही येत होता. अर्धं पान वाचून दाखवणाऱ्या मुलाचा मला वर्गातही राग यायचा.

"भिकूशी बोलू का?" मी विचारलं.

भिकू आतल्या बाकावर बसला होता. शर्टाला विहिरीचा गाळ तसाच.

"कुठे होतास?"

"माझ्या खाचरात. बांध फुटला व्हता, तो लावत हुतो. मोटारीचा आवाज आला. म्हनलं, लाइट आली कशी, आन मोटार लावली कुनी? पळत सुटलो. निम्म्या वाटंत आवाज बंद झाला."

"वीज परत गेली?"

"मलाबी तसंच वाटलं. पर खोलीत गेलो तर डब्याची काच उजळलेली. लाइट हुतीच. मी दारातनंच वळलो, खाली बघितलं..."

"काचेवर काय लिहिलं होतं?"

"मला न्हाई उमजलं. येगळंच काय तरी हुतं."

"खोलीत कोणी होतं?"

"न्हाई. मी वरडलो तवा मॅनेजर पियूषसायेब आलं, कार्यालयाकडनं."

हवालदार मागून म्हणाला, "ऐकलं ना सर? मोटार आपोआप चालू झाली आणि आपोआप बंदही झाली. भूत आहे आमच्या कोळवणात."

भिकू एकदम ताडकन उठला. "माझ्या मांडीवर वाढवलंय त्याला! पहिल्या मोटारीला ऑटोस्विच व्हता, लाइट आली की आपसूक मोटार लावनारा, तो मीच अलाउद्दीनकडनं काढून घेतला. का? कुनी पान्यात असंल आन लाइट आली तर मरंल म्हनून. आन मीच बटन दाबीन व्हय?"

बाहेर पडताना किशोर माझ्याबरोबर चालत होता. "वाईट वाटतं सर. चांगला माणूस आहे. त्याच्यासाठी मी मुद्दाम स्क्रीनला मराठी टाकली होती. माझ्याकडे दुसऱ्या कुठल्याच गिऱ्हाइकाने मागितली नव्हती."

तेव्हा ते वाक्य माझ्या कानावरून गेलं. आत गेलं नाही.

३

विहिरीवर अलाउद्दीन आणि मी पोचलो तेव्हा पियूष तिथेच फोनवर बोलत होता. स्कीमचा मॅनेजर. नांद्याला राहतो, रोज गाडीने येतो. फोनवर पाण्याच्या टँकरची चौकशी चालली होती.

"वीकेंडला क्लायंट्स येतायत," फोन ठेवून तो म्हणाला. "पाणी तर द्यावंच लागणार. यू नो, गुरुवारी टाकी रिकामी राहिली की शुक्रवारी माझ्या नावाने ओरडा. लॉन सुकतात त्यांची."

"लॉन सुकत्यात," अलाउद्दीन म्हणाला. "अरारा."

"काका, टोमणे नकोत. मलाही वाईट वाटतंय. आम्ही फॅमिलीला काहीतरी हेल्प करणार आहोत."

"तुम्ही कधी आलात इथे त्या दिवशी?" मी विचारलं. आवाज हवा तितका मोठा निघाला नाही.

"भिकू ओरडला तेव्हा. ऑफिसमधून धावत आलो. तोवर मोटार बंदच होती. माझं मत विचाराल तर त्याने सवयीने चालू केली, मग लक्षात आलं, घाबरून बंद केली. मुद्दाम नाही केलं हो त्याने. मी पोलिसांनाही तेच सांगितलं. त्याला सांभाळूनच घेतलंय मी."

पंपाच्या खोलीत डबा दारासमोरच्या भिंतीवर होता. खाली दोन मोठी बटणं, हिरवं आणि लाल. वर एक छोटी काच आणि तिच्याखाली चार काळ्या रबरी कळा. काच उजळलेली होती. इंग्रजी अक्षरं. मी चष्मा पुसून वाचली.

"काय लिवलंय?" अलाउद्दीनने विचारलं.

"मोटार बंद. व्होल्टेज ठीक. ऑटो बंद."

"काय बंद?"

"ऑटो."

अलाउद्दीन माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने डब्यावर हाताची मूठ टेकवली.

"मास्तर, ऑटो तर आमी उपटून फेकला व्हता. ह्या डब्याच्या पोटात परत ऑटो हाय?"

पियूष दारातून म्हणाला, "असेल एखादं फीचर. बंदच आहे ना ते?"

४

किशोरला मी फोनवर काय बोललो ते मला नीटसं आठवत नाही. इतकं ठाऊक आहे की मी ओरडलो, आणि तो तासाभरात लॅपटॉप आणि एक सुटा डबा घेऊन माझ्या घरी आला.

"ऑटोचं का सांगितलं नाहीस?"

"सर, ते डीफॉल्ट बंद असतं. पासवर्डशिवाय चालू होत नाही. आणि मी आज सकाळी पोलिसांसमोर बघितलं, बंदच होतं. मग सांगायचं काय?"

"चिपमध्ये मेमरी किती प्रकारची असते?"

तो परीक्षेला उभा राहिल्यासारखा उभा राहिला. "तीन. फ्लॅशमध्ये प्रोग्रॅम. रॅममध्ये चालू काम. आणि ईईप्रॉममध्ये सेटिंग्ज."

"वीज गेल्यावर ईईप्रॉमचं काय होतं?"

"राहते." त्याचा आवाज उतरला.

"रॅम पाटी आहे, ती पुसली जाते. आणि ईईप्रॉम गोंदण आहे, ते जात नाही. हे मी त्याच तासाला शिकवलं होतं. पाटीचं सांगितलंस, गोंदणाचं गिळलंस. तुझ्या अर्ध्या उत्तरावर एक माणूस आत बसलाय!"

"पण सर, गोंदलेलं होतं 'ऑटो बंद' असंच."

अलाउद्दीन भिंतीला टेकून ऐकत होता. "ह्यांचं इंग्रजी मला काय समजंना," तो पुटपुटला. "भिकूला कसं समजत व्हतं त्या काचंवरचं, अल्ला जाने."

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. मग किशोरकडे.

"भिकूसाठी तू मराठी टाकली होतीस."

"हो. त्यानेच लावून घेतली होती."

"ती निवड कुठे साठते?"

"ईईप्रॉम—" तो मध्येच थांबला.

"आज काच इंग्रजीत आहे. वीज जाण्यायेण्याने ती बदलणार नाही. भिकू स्वतःची मराठी काढून न कळणारी इंग्रजी लावणार नाही. मग ती बदलली कशी?"

किशोर खुर्चीत बसला. "फॅक्टरी रीसेट. कोणीतरी मेन्यूतून सगळं मूळपदावर नेलंय. भाषा इंग्रजी, ऑटो बंद." त्याने तोंडावरून हात फिरवला. "म्हणजे आधी ऑटो चालू असू शकतं. पण सर, रीसेट झालं म्हणजे पुरावा गेला. आता कधीच सिद्ध होणार नाही."

"तुझ्या प्रोग्रॅममध्ये नवी सेटिंग्ज जुन्यांच्या डोक्यावरच लिहिली जातात?"

त्याने लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम चाळला. मग हळूच हसल्यासारखा झाला, पण ते हसू नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "एकाच जागी सारखं लिहिलं की ती जागा झिजते. म्हणून दर वेळी पुढच्या घरात लिहितो. जुनं मागे तसंच पडून राहतं. मी हे विसरलोच होतो."

५

शनिवारी सकाळी पंपाच्या खोलीबाहेर आम्ही जमलो. बलकवडे बाईंनी भिकूला आणलं होतं. पियूष हाताची घडी घालून उभा होता. आणि कोणी न बोलावता रत्नाबाई आली होती. भावापासून लांब, विहिरीच्या कठड्याशी तिने पदर डोक्यावर ओढून बसकण मारली.

आम्ही खोलीत शिरलो, किशोरने डब्याला केबल जोडली आणि मेमरीची नक्कल लॅपटॉपवर घेतली. आकड्यांच्या ओळी पडद्यावर आल्या.

"हे शेवटचं घर," तो म्हणाला. "इंग्रजी, ऑटो बंद. त्याच्या मागचं घर..." त्याने बोट टेकवलं. "मराठी, ऑटो चालू. त्याच्याही मागचं, मराठी, ऑटो बंद."

"म्हणजे गुरुवारी वीज आली तेव्हा ऑटो चालू होतं," बाई म्हणाल्या.

"हो. आणि मोटारीच्या नोंदीही तशाच मागे राहिल्यात, त्यांत शेवटचं चालू होणं 'ऑटो' असंच आहे. हिरवं बटण कोणी दाबलेलं नाही."

भिकूने डोळे मिटले. रत्नाबाई हलली नाही.

"मग ऑटो लावलं कोणी, आणि पुसलं कोणी?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, ह्या वेळी वाक्य पूर्ण करा."

मी डब्यावर हात टेकवला.

"मेन्यूत शिरायला पासवर्ड लागतो," मी म्हणालो. "किशोर म्हणतो, तो दोघांकडेच आहे, त्याच्याकडे आणि पियूषकडे. भिकूला फक्त भाषा बदलता येते. किशोरला पुसायचं असतं तर त्याने लॅपटॉप लावून अख्खी मेमरी कोरी केली असती. मागची घरं राहतात हे ती बांधणाऱ्याला ठाऊक आहे. मेन्यूतून पुसून सगळं गेलं असं ज्याला वाटलं, त्याला पासवर्ड माहीत आहे आणि चिपचं पोट माहीत नाही."

"हे सगळं थिअरेटिकल आहे," पियूष म्हणाला. पण हाताची घडी सुटली होती. "ओके. ऑटो मी लावलं होतं. गुरुवारी टाकी भरत नव्हती. वीज कधीही आली तरी पाणी चढावं म्हणून. भिकूला सांगायचं राहून गेलं. ती मिस्टेक आहे, मान्य. नंतर, सगळं झाल्यावर, संध्याकाळी मी रीसेट केलं. घाबरून."

"संध्याकाळी?" मी विचारलं.

"हो."

"भिकू, तू पहिल्यांदा खोलीच्या दारात आलास तेव्हा काचेवर वेगळंच काहीतरी होतं ना?"

"व्हय. वळखीचं एक अक्षर नव्हतं."

"म्हणजे तेव्हाच इंग्रजी झाली होती. विश्राम पाण्यात होता तेव्हाच." मी पियूषकडे वळलो. इतक्या जवळून मी कधी कोणाच्या डोळ्यांत पाहिलं नसेल. "तू भिकूच्या आधी आला होतास. मोटार चालू होती, खाली माणूस तारेला चिकटला होता. तू ती बंद केलीस, आणि मग भिकू ओरडेपर्यंत कार्यालयाकडे जाऊन थांबलास."

"बंद केली ना मी! तेच सांगतोय. मोटार मीच बंद केली. मी वाचवायचाच प्रयत्न—"

"किशोर," मी म्हणालो, "मोटार बंद कशी झाली, त्याची नोंद वाच."

किशोरने पडद्यावर पाहिलं. एकदा, मग पुन्हा. "चिपमध्ये वॉचडॉग असतो मॅडम. राखण्या टायमर. प्रोग्रॅमने त्याला सारखं थोपटायचं. थोपटलं नाही की तो चिपला दणका देऊन पुन्हा सुरू करतो. मी रीसेटच्या शेवटी मुद्दाम थोपटणं थांबवतो, म्हणजे नव्या सेटिंग्जने मशीन उठतं. आणि उठल्यावर ते का उठलं याची नोंद करतं." त्याने पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे वॉचडॉग लिहिलंय. मोटार त्या दणक्याने बंद पडली. लाल बटणाची नोंद नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे लाल बटण दाबलंच नाही. आधी मेन्यू पुसला. तो पुसून संपेपर्यंत मोटार चालूच होती."

अलाउद्दीनने थुंकायला तोंड फिरवलं, पण थुंकला नाही.

"मला वाटलं तो ऑलरेडी गेलाय," पियूष म्हणाला.

"खाली जाऊन बघितलंस?" बलकवडे बाईंनी विचारलं.

त्याने विहिरीवरची नजर काढून घेतली.

किशोर माझ्याजवळ आला. "सर, ऑटो चालू असताना दारावर एक दिवा, एखादा भोंगा, काहीतरी लावायला हवं होतं मी. माझंही चुकलं का?"

मी एरवी म्हटलं असतं की बघ, तसं पूर्ण तुझंच असं नाही. "हो," मी म्हणालो.

रत्नाबाई उठून खोलीत आली.

"लाल बटन कुटलं?"

किशोरने दाखवलं. तिने त्याच्यासमोर तळहात धरून पाहिला. बटण जवळजवळ तळहाताएवढं होतं.

"आन ह्यानं काय दाबलं?"

"त्या वरच्या कळा, मावशी."

"कशा दाबल्या? करून दाव."

"मावशी, राहू दे."

"दाव म्हनते ना!"

किशोरने सोबत आणलेला सुटा डबा लॅपटॉपला जोडला आणि जमिनीवर ठेवला. मेन्यू. पासवर्डचा एक आकडा, मग दुसरा, तिसरा, चौथा. खाली. खाली. पुन्हा खाली. उघड. पक्कं का? हो. नक्की का? हो. प्रत्येक कळेला बारीक पीं वाजत होतं. मग काचेवर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. ती इतकी सावकाश सरकत होती की मला पाहवेना. रत्नाबाई वाकून शेवटपर्यंत पाहत राहिली.

पट्टी भरली. डबा टक करून बंद होऊन पुन्हा लागला.

"इतका येळ," ती म्हणाली. "इतका येळ माझं पोर धरून ठेवलं."

पियूषला गाडीकडे नेताना तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती भिकूसमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या शर्टावरचा वाळलेला गाळ तिने नखाने खरवडला, जोरात, जणू तो त्याच गाळावर रागावली होती.

"हे काढ आंगातलं," ती म्हणाली. "घरी चल, आंगुळ कर. उद्या पोराला सावडायचंय. मामा नगं का?"